आटतं पाणी, निवळतं पाणी



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २०, शरद ऋतूचं वर्णन
विशेष चिंतन: श्लोक ३७ ते ४१

कोजागरी होऊन गेली. दिवाळी आठवड्यावर आली. दुपारी ऊन चटके देतंय आणि पहाटे पायाशी पडलेली चादर आपोआप गळ्यापर्यंत ओढली जातेय. आश्विन आणि कार्तिक म्हणजे शरद. हा अध्याय वाचायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत, कारण त्यात जे लिहिलंय ते खिडकीतून दिसतंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या अध्यायात गायी आणि गोपाळ रानातल्या वणव्यात सापडतात आणि श्रीकृष्ण तो अग्नी पिऊन टाकतात. एकविसाव्या अध्यायात वेणुगीत आहे. या दोन्हींच्या मधे हा विसावा अध्याय. त्यात कथा जवळजवळ नाहीच. आधी पाऊस येतो, मग शरद येतो, बस्स. घाईत पारायण करताना हा अध्याय आपण पटकन उरकतो. पण थांबून वाचलं तर कळतं की शुकमुनी इथे परीक्षिताला एक वेगळीच गोष्ट शिकवतायत: बाहेर बघायचं कसं.

जवळजवळ प्रत्येक श्लोकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात बाहेरचं एखादं दृश्य येतं आणि दुसऱ्या भागात माणसाच्या आतलं. पाणी ओतून टाकलेले ढग पांढरेशुभ्र दिसतात, जसे सगळ्या इच्छा सोडलेले मुनी. डोंगरातून कुठे झरा वाहतो तर कुठे नाही, जसे ज्ञानी लोक योग्य वेळ बघून बोलतात, नाहीतर गप्प राहतात. गढूळ पाणी पुन्हा आपल्या मूळ रूपावर येतं, जसं वाट चुकलेल्या योग्याचं मन साधनेनं परत ठिकाणावर येतं. वाचताना मजा येते. आणि मग येतो सदतिसावा श्लोक.

उथळ पाण्यातले मासे

त्या श्लोकाचा अर्थ असा: उथळ पाण्यात राहणाऱ्या जीवांना आपलं पाणी रोज थोडं थोडं आटतंय हे कळलंच नाही, जसं कुटुंबात गुंतलेल्या मूढ माणसांना आपलं आयुष्य रोज कमी होतंय हे कळत नाही.

एका मैत्रिणीनं परवा रात्री पावणेदोन वाजता मला याच श्लोकाबद्दल मेसेज केला. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे. रोज अकरा माळा जप करणारी ही मुलगी, बाळ झाल्यापासून माळ देव्हाऱ्यातल्या डबीत पडून आहे. तिनं लिहिलं होतं, "कुटुंबी म्हणजे आपणच ना गं? मग भागवत आपल्याला सरळ मूढ म्हणतंय का?"

मी जागीच होते. आमचं धाकटं चार महिन्यांचं आहे आणि थोरली पाच वर्षांची. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी येऊन विचारते म्हणतात, कोण जागं आहे? आमच्यासारख्या घरांत तिला वर्षभर कधीही आलं तरी उत्तर मिळेल!

पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. तरुण आई-बाबांपैकी अनेकांच्या मनात तो असतो. लग्नाआधी एकादशी व्हायची, पारायण व्हायचं, वारीत दोन टप्पे चालून व्हायचे. आता देवापुढे दिवा लावेपर्यंत कुणीतरी पडतं, रडतं किंवा "आईऽऽ, झालीऽऽ" असा बाथरूममधून पुकारा होतो. मग मनात दोन विचार येतात. एक म्हणजे, मुलं मोठी झाली की बघू. दुसरा कुणाला सांगता न येणारा: ही मुलं माझ्या आणि देवाच्या मधे आली. दोन्ही विचार जड आहेत, म्हणून हा श्लोक टाळून पुढे जायचं नाही. नीट वाचायचा.

माशाचा दोष कोणता?

मावळ, मुळशी किंवा कोकणातलं ज्यांचं गाव आहे त्यांना चढणीचे मासे माहीत असतील. पहिल्या पावसात ओढे भरले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि भातखाचरांपर्यंत येतात. पुढे पाऊस ओसरतो आणि ओढा आपल्या पात्रात परत जातो. काही मासे मागे खळग्यांत राहून जातात. तिथे गवत असतं, किडे असतात, पोहायला पुरेसं पाणीही असतं. आज आहे, उद्याही आहे. एका दिवसात कमी होणारं पाणी बोटभरसुद्धा नसतं, त्यामुळे ते दिसत नाही.

आता श्लोकाकडे परत बघा. मासा पाण्यात राहिला हा त्याचा दोष सांगितलेला नाही. पाण्याबाहेर मासा जगेल कुठे? दोष एवढाच सांगितलाय की त्याला कळलं नाही. तसंच 'कुटुंबी' असणं हा दोष नाही, 'मूढ' असणं हा आहे. हे दोन शब्द शेजारी आले म्हणून एक होत नाहीत. श्लोकाचा रोख घरादारावर नाही, तो आपल्या बेसावधपणावर आहे.

आणि हे पाणी आपल्या घरात कसं आटतं ते बघायला फार लांब जावं लागत नाही.

थोरली गेल्या दिवाळीत आकाशकंदिलाला 'आकाशकंडी' म्हणायची. आम्ही तिच्याकडून तो शब्द मुद्दाम पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचो. या वर्षी तिनं पहिल्याच दिवशी स्वच्छ 'आकाशकंदील' म्हटलं. आम्ही दोघांनी तिचं कौतुक केलं आणि मग एकमेकांकडे बघितलं. तो जुना शब्द नेमका कोणत्या दिवशी गेला, घरात कुणालाच सांगता येत नाही.

सासरे दर वर्षी बांबूच्या कामट्यांचा कंदील घरी करतात. कामट्या तासणं, दोऱ्यानं बांधणं, कणकेची खळ करून पतंगी कागद चिकटवणं, सगळं स्वतः. यंदा त्यांचे हात थरथरतात. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. खुर्चीत बसले आणि नवऱ्याला म्हणाले, "तू बांध, मी सांगतो." थोरली खळ लावत होती, बाळ सतरंजीवर पालथं पडून कागदाची झिरमिळी तोंडात घालायच्या खटपटीत होतं. एका कंदिलाभोवती तीन पिढ्या. मुलाच्या गाठी सैल बसत होत्या आणि वडील न रागावता "अजून एक वेढा दे" म्हणत होते.

भागवत ज्याला 'रोज आटणारं पाणी' म्हणतं, ते हेच. हा श्लोक कुणाला घाबरवायला लिहिलेला नाही. बघायला लावण्यासाठी लिहिलेला आहे.

कमी पाणी लवकर तापतं

पुढचा, अडतिसावा श्लोकही माशांचाच आहे. उथळ पाण्यातल्या जीवांना शरदाच्या उन्हाचा ताप सोसावा लागला, जसा इंद्रियं ताब्यात नसलेल्या, गरीब आणि कृपण कुटुंबवत्सल माणसाला सोसावा लागतो.

यातली निरीक्षणशक्ती बघा. ऊन सगळीकडे सारखंच पडतं. खोल डोहातल्या माशाला ते जाणवत नाही, कारण पाणी खोल आहे. खळग्यातला मासा भाजून निघतो.

आपल्याकडे संध्याकाळी साडेसातची वेळ डोळ्यांपुढे आणा. ऑफिसचा कॉल संपत नाहीये. फराळाच्या सामानाची यादी अर्धी राहिलीये. शाळेनं 'टाकाऊतून टिकाऊ पणती' उद्या आणायला सांगितलीये. बाळ किरकिर करतंय. अशात थोरलीच्या हातून दूध सांडतं. सांडलेलं दूध कपभर असतं आणि घरातला आवाज बादलीभर! ऊन फार नव्हतं, पाणी उथळ होतं.

म्हणून साधना वाढत्या घरात जास्त लागते. रिकाम्या वेळेचा तो छंद नाही. जप, वाचन, दोन मिनिटं देवापुढे शांत बसणं यानं घरातली कामं कमी होणार नाहीत. पाण्याची खोली मात्र थोडी वाढेल. मग तेच दूध सांडल्यावर हातात फडकं घेता येईल आणि पोरीला म्हणता येईल, "चल, तू इकडून पूस, मी तिकडून."

तोच शरद पाणी निवळवतोही

आता आजच्या वाचनातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट.

शरदात पाणी आटतं हे शुकमुनी सांगतात. पण याच अध्यायात, काही श्लोक आधी, ते सांगतात की शरदात पाणी निर्मळ होतं आणि कमळं फुलतात. या दोन वेगळ्या घटना नाहीत. आटणं आणि निवळणं एकाच ऋतूत, एकाच पाण्यात होतं. श्रावणात तळं तुडुंब भरलेलं असतं पण गढूळ. तळ दिसत नाही. आश्विनात पाणी कमी होतं आणि तळाचा एकेक खडा दिसायला लागतो.

म्हणजे ज्याला पाणी कमी होतंय हे दिसलं, त्यालाच ते स्वच्छही दिसलं. कंदिलाजवळ बसलेल्या सासऱ्यांचे हात ज्यानं बघितले, त्याला ती संध्याकाळ साधी वाटणं शक्यच नाही. पोरीचा बोबडा शब्द गेला हे ज्याच्या लक्षात आलं, तो तिचा आजचा शब्द कान देऊन ऐकतो. वेळ कमी आहे ही जाणीव माणसाला दोन ठिकाणी नेऊ शकते. एक म्हणजे घाबरून सगळं पकडून ठेवणं, प्रत्येक क्षणाचा व्हिडिओ काढत बसणं. दुसरं म्हणजे निवळणं. भागवत आपल्याला दुसरीकडे नेतं.

पाणी निवळतं कसं? त्यात फार काही करावं लागत नाही. ढवळणं थांबवावं लागतं. गाळ आपोआप खाली बसतो.

शनैः शनैः

एकोणचाळिसाव्या श्लोकात एक सुंदर जोडशब्द आहे, शनैः शनैः. हळूहळू. जमिनीनं हळूहळू चिखल सोडला, वेलींनी हळूहळू कच्चेपणा सोडला, जसे धीर पुरुष देहावरचा आणि देहाशी जोडलेल्या गोष्टींवरचा 'मी' आणि 'माझं' सोडतात.

हा श्लोक समजून घ्यायचा असेल तर दिवाळीचा किल्ला करा. आमच्या सोसायटीत सध्या तेच चाललंय. विटांचे तुकडे रचून, वर गोणपाट टाकून, त्यावर ओल्या मातीचा लेप. मुलांना त्याच संध्याकाळी वर मावळे उभे करायचे असतात. माती ओली असते, मावळा तिरका होतो, बुरूज खचतो. एक शहाणा मुलगा घरून टेबलफॅन घेऊन आला. सकाळी किल्ल्याला तडे! चिखल उन्हातही वाळतो आणि पंख्यापुढेही वाळतो, पण सावलीत हळूहळू वाळलेला बुरूजच टिकतो. मोहरी आणि अळीव पेरले की त्यांनाही तीन-चार दिवस द्यावेच लागतात.

घरात दुसरं बाळ आलं की पहिल्या मुलाच्या मनात असाच चिखल होतो. पाळणा माझा होता. झबलं माझं होतं. आई माझी होती. "बाळाला परत दवाखान्यात देऊन येऊ या" असं पाच वर्षांचं मूल अगदी प्रामाणिकपणे सुचवतं. तिथे "तू आता मोठी झालीस ना" हे वाक्य म्हणजे टेबलफॅन. वरून वाळल्यासारखं दिसतं, आत तडा जातो.

आपल्या जुन्या माणसांनी या चिखलासाठी सणांतच जागा करून ठेवलीये. कोजागरीला, म्हणजे आश्विन पौर्णिमेला, अनेक मराठी घरांत ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. त्याला अश्विनी करणं म्हणतात. त्या दिवशी पाटावर फक्त थोरलं. नवे कपडे, औक्षण, आवडीचं गोड. आमच्या घरी या वर्षी त्या पाटाची किंमत सगळ्यांना कळली. पोरगी पाटावर बसली आणि पहिला प्रश्न तिनं विचारला, "बाळाला पण ओवाळणार?" आजोबा म्हणाले, "नाही, आज फक्त तुला. जिनं या घरात पहिल्यांदा कुणाला तरी आई केलं, तिचा आजचा दिवस." तिला ते कितपत कळलं माहीत नाही. पण ओवाळून झाल्यावर तिनं आपल्या हातातल्या बर्फीचा एक कण बाळाच्या मुठीवर ठेवला. खायला नाही, नुसता ठेवला. चिखल एका रात्रीत वाळला नाही, दुसऱ्या दिवशी खुळखुळ्यावरून भांडण झालंच. पण शनैः शनैः म्हणतात ते असंच असतं.

आणि हा श्लोक फक्त मुलांसाठी थोडाच आहे? आपलंही 'माझं' आहेच की. माझी झोप, माझं करिअर, माझ्या मुलाची वाढ, शेजारच्या मुलाच्या आधी माझ्या मुलाचं चालणं. आणि सगळ्यात चिवट चिखल म्हणजे 'माझी साधना'. जपाच्या वेळी मुलानं हाक मारली आणि आपल्या कपाळावर आठी चढली, तर त्या क्षणी आपण देवाला धरून बसलोय की 'माझ्या वेळेला', हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. उत्तर लगेच नको. शनैः शनैः.

शेतकऱ्याचे बांध

एक्केचाळिसाव्या श्लोकात उपाय येतो, आणि तो किती व्यवहारी आहे! शेतकऱ्यांनी भक्कम बांध घालून खाचरांतलं पाणी अडवलं, जसे योगी इंद्रियांतून पाझरून जाणारं ज्ञान इंद्रियं आवरून राखतात.

शेतकरी इथे नवीन पाणी आणत नाहीये. आश्विनात आभाळाकडे बघून उपयोग नसतो. परतीचा पाऊस आला तर आला. आहे ते पाणी वाहून जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या हातात असतं. आणि बांध म्हणजे धरण नव्हे. गुडघ्याएवढासुद्धा नसतो. पण रोज फेरी मारून खेकड्यानं पाडलेलं भोक बुजवावं लागतं.

आपल्याकडे रोज दोन तास नाहीत. ठीक आहे. मग जे आहे ते कुठून पाझरतं ते बघू. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर हातातच असतं, चार्जरला लावलेलं. वाढत्या घरासाठी असे तीन छोटे बांध सुचवते.

पहिला, रात्रीच्या जागरणाचा. बाळाला पाजताना किंवा थोपटताना एक हात अडकलेला असतो आणि दुसऱ्या हातात मोबाईल आपोआप येतो. तो लांबच्या टेबलावर ठेवा. थोपटण्याची एक लय असते, तिच्यावर नाम ठेवा. माळेची गरज नाही, मोजायचीही गरज नाही. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे अनेक देवळांत पहाटे काकडआरती असते. त्या वेळी गावोगाव लोक मुद्दाम उठून देवासाठी जागे असतात. तुम्ही तर आयतेच जागे आहात.

दुसरा, दिवेलागणीचा. दिवा लावल्यापासून पाच मिनिटं घरातले सगळे एका खोलीत. शुभंकरोती म्हणा, नाहीतर एखादा अभंग. मूल मधेच उठून गेलं तर जाऊ दे. बाळ ओरडलं तर ओरडू दे, देव्हाऱ्यातल्या घंटेचाही आवाजच असतो.

तिसरा, झोपतानाचा. दिवसभरात आटलेल्या पाण्यातला एक थेंब तरी बघायचा. मुलाला विचारायचं, "आज काय छान झालं?" उत्तर "शेजारच्या कुत्र्यानं शिंक दिली" असं आलं तरी ते देवापुढे ठेवण्यालायक आहे.

मग भागवत कुटुंबाकडे कसं बघतं?

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला याच दशम स्कंधात, मागे नवव्या अध्यायात सापडलं. कार्तिकाला वैष्णव परंपरेत दामोदर महिना म्हणतात तो ज्या लीलेवरून, तीच ही दामोदर लीला.

घरातल्या दासी दुसऱ्या कामांत होत्या म्हणून यशोदा स्वतः ताक घुसळायला बसली. म्हणजे आपल्या भाषेत, त्या दिवशी कामाच्या मावशी आल्या नव्हत्या! घुसळता घुसळता ती कृष्णाच्या खोड्या आठवून गात होती. इतक्यात तो स्वतःच भुकेला आला आणि त्यानं रवीच धरली. तिनं काम थांबवून त्याला मांडीवर घेतलं. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागलं. ती त्याला खाली ठेवून धावली. तो रागावला, मडकं फोडलं, लोणी खाल्लं. पुढे ती काठी घेऊन मागे धावली, पकडलं आणि उखळाला बांधायला गेली. दोरी दोन बोटं कमी पडली. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपल्या, तरी दोन बोटं कमीच. शेवटी तिला घाम आलेला, केसांतली फुलं गळालेली बघून त्याला दया आली आणि त्यानं स्वतःला बांधून घेतलं. दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. म्हणून तो दामोदर.

परंपरेतले टीकाकार सांगतात की त्या दोन बोटांपैकी एक भक्ताच्या कष्टाचं आणि दुसरं भगवंताच्या कृपेचं.

आता बघा, हा सगळा प्रसंग कुठे घडतो? चुलीपाशी. उतू जाणारं दूध, भुकेलं मूल, अर्धवट राहिलेलं काम, फुटलेलं मडकं. यशोदा कुटुंबी आहे, पण मूढ नाही. तिच्या हातात रवी आहे आणि तोंडात त्याचं नाव. देव तिला तिच्या फुरसतीत भेटला नाही, तिच्या दमलेपणात भेटला. ज्याला मोठमोठे योगी ध्यानात धरू शकत नाहीत, तो घाम आलेल्या आईच्या हातून बांधला गेला.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पैठणचे एकनाथ महाराज आहेत. घर, पत्नी गिरिजाबाई, मुलगा, मुली, येणारे-जाणारे, दारातले भुकेलेले, हे सगळं असताना त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली. इ.स. १५७३ मध्ये वाराणसीत ती पूर्ण झाली, आणि दिवस होता कार्तिकी पौर्णिमा. शरदातलाच दिवस! त्यांच्या मुलीचा मुलगा म्हणजे कवी मुक्तेश्वर. नाथांच्या घरात पाणी आटत नव्हतं असं नाही. ते निवळलेलं होतं.

तेव्हा मैत्रिणीला मी एवढंच लिहिलं: माळ डबीत आहे तर असू दे, आज रात्री बाळाला थोपटताना एक माळेएवढं नाम घे. मूल तुझ्या आणि देवाच्या मधे आलेलं नाही. दोन बोटांतलं एक बोट तू रोज पूर्ण करतेयस.

या आठवड्याचा अभ्यास

१. अध्याय २० मधलं शरदाचं वर्णन एकदा सलग वाचा. आवडलेलं एक दृश्य निवडा आणि मुलांना ते बाहेर प्रत्यक्ष दाखवा. पांढरे ढग गच्चीवरूनही दिसतात.

२. वसुबारसेला गाय-वासराची पूजा असते. शहरात गाय भेटली नाही तर पाटावर चित्र काढून करा. त्या दिवशी घरातल्या थोरल्या मुलाला दहा मिनिटं एकट्याला द्या, बाळ दुसऱ्या कुणाकडे सोपवून.

३. घरात आजी-आजोबा असतील तर दिवाळीचं एक काम त्यांच्याकडून शिकून घ्या. चकलीचं भाजणीचं प्रमाण, कंदिलाची गाठ, काहीही. फोटो नंतर. आधी हात बघा.

४. स्वतःला विचारा: माझं पाणी सध्या कुठून पाझरतंय? एकच जागा शोधा आणि तिथे एकच बांध घाला.

प्रार्थना

हे दामोदरा, आमच्या घरात पसारा आहे, आवाज आहे, ओलं आहे, अर्धवट आहे. तुला हे नवीन नाही. तू अशाच घरात वाढलास. आमचं पाणी रोज कमी होतंय हे आम्हांला दिसू दे, आणि दिसल्यावर आम्ही घाबरू नये एवढं कर. आमचा चिखल तुझ्या गतीनं वाळू दे. थरथरणाऱ्या हातांना आमचा हात मिळू दे, आणि नव्या मुठींना तुझं बोट. आम्ही आमचं बोट पुढे करतोय, उरलेलं एक बोट तुझं.

उद्याचं वाचन: दशम स्कंध, अध्याय २१, वेणुगीत. तेही शरदातच सुरू होतं, याच निवळलेल्या पाण्याच्या काठी.

राम कृष्ण हरी!